माळ्यावरचा टेप भंगारात घालू नका

भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, अफजलपूर या तालुक्यांतल्या मराठी घरांना माझी हात जोडून एक विनंती आहे. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा धान्याच्या कोठीमागे एखादा जुना टेप पडून असेल, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. रेडिओ आणि कॅसेट एकत्र, दोन्ही बाजूंना स्पीकर, वर धरायची मूठ, मागे मोठे सेल घालायचा कप्पा. दुकानदार त्याला टू-इन-वन म्हणायचे, परदेशात बूमबॉक्स म्हणतात, आपल्या घरांत तो नुसता 'टेप'. भंगारात त्याचं वजन होतं. ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याला थोडा भाव, बाकी प्लास्टिकला काहीच नाही. हातात येणाऱ्या पैशांत एका वेळची भाजी येत नाही. आणि जे जातं ते पुन्हा कुठल्याही दुकानात मिळत नाही.

मी जुन्या वस्तूंच्या हौसेपोटी हे लिहीत नाही. हौस आहे, पण कारण वेगळं आहे. आपल्या सीमाभागातला कितीतरी मराठी आवाज फक्त कॅसेटवर आहे, आणि तो बाहेर काढायचं साधन म्हणजे हे यंत्र.

थोडं मागे जाऊ. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट पहिल्यांदा लोकांसमोर आणली. लू ओटेन्स या अभियंत्याच्या हाताखाली बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या कारखान्यात ती घडली होती. पुढे कंपनीने हा आराखडा इतरांनाही विनामोबदला वापरू दिला, म्हणून जगभर एकाच मापाची कॅसेट झाली. तीन-चार वर्षांत रेडिओ आणि कॅसेट एका पेटीत आले, मग जपानी कंपन्यांनी ती पेटी मोठी, दणदणीत आवाजाची केली. आपल्याकडे ती पोचली ती बरीचशी आखाती देशांच्या वाटेने. हैदराबादेतून, बिदरमधून, कलबुर्गीतून जी माणसं सौदीला, दुबईला कामाला गेली, ती सुटीवर येताना ब्लँकेट, अत्तर आणि एक टेप घेऊन यायची. मग देशी सेट आले, फिलिप्स, बुश, मर्फी. १९८३ साली गुलशन कुमार यांनी सुपर कॅसेट्स सुरू केली आणि कॅसेट अगदी स्वस्त झाली. अमेरिकन संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातल्या या साऱ्या उलाढालीवर १९९३ साली पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कॅसेटमुळे गाण्यावरची मूठभर बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि गावोगावच्या बोलींना, भजनांना, जातीजमातींच्या गाण्यांना पहिल्यांदा बाजार मिळाला. आपल्या बाजारातही तेच झालं. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, पु. लं.चं कथाकथन या सगळ्या कॅसेट सीमा ओलांडून आपल्या बाजारात आल्या. एकीकडे कानडी वचनं, दुसरीकडे दखनी कव्वाली, आणि त्याच दुकानात आपली मराठी गाणी.

पण विकतच्या कॅसेट कुठे ना कुठे सापडतील. त्यातली बरीच गाणी आज मोबाइलवर ऐकता येतात. माझी काळजी त्या लाल बटणाची आहे. टेपवरचं लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं, की घरातला कुणीही माणूस रेकॉर्डिंग करू शकत होता. आपल्या लोकांनी ते केलं. मुलीची पाठवणी रेकॉर्ड केली, सप्त्यातलं कीर्तन केलं, आजीच्या ओव्या केल्या. चौदा एप्रिलच्या रात्रीचा गाण्याचा कार्यक्रम केला. माणिकनगरला दत्तजयंतीच्या उत्सवात, मैलारच्या यात्रेत, गाणगापूरच्या पालखीत माणसं टेप खांद्याला लावून उभी असायची. आणि सौदीला असलेल्या मुलाला लिहिता-वाचता न येणाऱ्या आईने कॅसेटमध्ये निरोप भरून धाडला. तो ऐकून झाला की मुलगा त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर उत्तर भरून परत पाठवायचा.

हे सारं कुणाच्या संग्रहात आहे? १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या संस्थेला वाटतं हे कर्नाटकातलं काम, आणि इथल्या संस्थेपुढे आधी कन्नडचं काम असतं. मी कुणाला दोष देत नाही. प्रत्येकाची कुवत आणि क्षेत्र ठरलेलं असतं. पण याचा परिणाम असा, की आपल्या बोलीचं रेकॉर्डिंग करायला बाहेरून फारसं कुणी आलं नाही. ते आपणच, आपल्या घरच्या टेपवर केलं. दामाजीपंतांच्या कथेत विठू महार रसद भरायला ज्या बेदरला गेला, त्या बेदरच्या मुलखातला कीर्तनकार ती कथा कशी सांगतो, कुठे थांबतो, बादशहाच्या तोंडी कसली दखनी घालतो, हे कुठल्याही ग्रंथात मिळणार नाही. ते एखाद्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर असेल आणि ती कॅसेट तुमच्या घरी असेल.

आता यंत्राबद्दल सांगतो, कारण बहुतेक जण टेप टाकून देतात ते तो मेला असं समजून. तो बहुधा मेलेला नसतो.

माझ्याकडचा सेट जपानी आहे. गावातल्या एका घरी पडून होता. त्या घरचे वडील सौदीत ड्रायव्हर होते, तिथून त्यांनी आणलेला. रेडिओ खरखरत का होईना लागत होता. कॅसेटचं बटण दाबलं की आत मोटारीची घरघर यायची, पण चाक फिरायचं नाही. मागचे स्क्रू काढले. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो: स्क्रू लांब-आखूड असतात, म्हणून कागदावर सेटच्या पाठीचं चित्र काढावं आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावावा. आत पाहिलं तर रबराचा बेल्ट वितळून डांबर झालेला. मोटारीच्या पुलीवर, जड चाकावर, खालच्या पत्र्यावर, सगळीकडे काळा चिकट राप. जुन्या सेटचा हा नेहमीचा आजार. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो हळूहळू पुसून काढावा लागतो. हातमोजे नसतील तर तो काळा रंग बोटांवरून चार दिवस जात नाही.

बेल्ट कुठून आणायचा? तयार माप मिळत नाही. सगळ्या पुलींवरून शिवणाचा दोरा फिरवायचा, मोजायचा आणि त्यापेक्षा थोडा कमी घेराचा बेल्ट घ्यायचा, म्हणजे तो ताणून बसतो. हे मला हैदराबादच्या एका हौशी मित्राने फोनवर शिकवलं. कोटीच्या गुजराती गल्लीत जाऊन त्याने जवळपासच्या मापांचे बेल्ट निवडून पाकिटातून पाठवले. कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी त्याच कुळातल्या सेटचं सर्किट काढून दिलं. सोलापूरच्या एकाने तर मोजून बसवलेल्या डेकवर तीन हजार हर्ट्झचा एकच सूर भरलेली कॅसेट धाडली. ती लावायची, मोबाइलवर सुराची कंपनं मोजणारं अॅप सुरू करायचं आणि मोटारीच्या पाठच्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हर घालून आकडा तीन हजारावर आणायचा. मग रीळ सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या ठरलेल्या वेगाने सरकतं आणि गाणाऱ्याचा आवाज त्याच्याच पट्टीत येतो. यांतल्या एकालाही मी कधी समोर भेटलेलो नव्हतो. कुणी पैसे घेतले नाहीत. टपालखर्चही एकाने नाकारला.

आणि हुमनाबादचे उस्ताद. त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता ते मुलाच्या मोबाइलच्या दुकानात एका कोपऱ्यात बसतात. सेट टेबलावर ठेवला तर त्यांनी आधी नाक खाली नेलं. म्हणाले, "भैया, पैले वास घ्या, मंग हात लावा." ट्रान्सफॉर्मर जळालेला असेल तर वासावरून कळतं. मग त्यांनी विजेची वायर वाकवून पाहिली. तिचं आवरण तडकलेलं होतं. ती बदलल्याशिवाय त्यांनी सेटला वीज लावू दिली नाही. आवाजाची खरखर कंडेन्सरची नव्हती. आतल्या बाजूला रेकॉर्डिंग आणि वाजवणं यांच्यात बदल करणारं एक लांबट सरकतं बटण असतं, त्यावर गंज चढला होता. त्यांनी त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला, बटण बराच वेळ मागे-पुढे केलं आणि स्पीकरमधून आवाज स्वच्छ आला. हा शोध मला पुस्तकातून लागला नसता.

त्या घरातलीच एक कॅसेट आम्ही लावली. जात्याची घरघर आणि त्यावर म्हातारीची ओवी. मधेच कुणी दारात आलं असावं, तिने कानडीत काहीतरी उत्तर दिलं. मग बांगडीवालीशी दखनीत भावाची घासाघीस, आणि लगेच पुन्हा ओवी, सूर जिथे सोडला होता तिथूनच. घरातल्या सगळ्यांनी ती ऐकली. नातवंडांपैकी कुणाला ते आठवत नव्हतं, सूनबाईंना मात्र प्रत्येक ओवी येत होती.

जात्यावरच्या ओव्यांचं मोल पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी फार आधी ओळखलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि 'परी' या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमातून आज त्या जगभर ऐकल्या-वाचल्या जातात. आपल्या सीमेअलीकडच्या बायकांनीही तितक्याच निष्ठेने ओव्या गायल्या आहेत. त्यांना जमवणारं कुणी तेव्हा आलं नसेल, तरी घरच्या टेपने काही जमवून ठेवल्या आहेत.

आता तोच टेप का हवा, दुसरा का नको, हे सांगतो. हा मुद्दा फार थोड्यांना ठाऊक असतो. कॅसेटचं रीळ ज्या हेडवरून सरकतं, ते हेड एका बारीक स्क्रूने उभं केलेलं असतं. प्रत्येक सेटमध्ये ते केसभर इकडे-तिकडे कललेलं असतं. ज्या कलाने रेकॉर्डिंग झालं, त्याच कलाने वाजवलं तर आवाज उघडा, स्पष्ट येतो. दुसऱ्या सेटवर तीच कॅसेट रजई पांघरल्यासारखी घुसमटते, शब्दांतले स, श, च ऐकू येईनासे होतात आणि आपण म्हणतो, कॅसेट खराब झाली. कॅसेट चांगली असते. घरात रेकॉर्ड झालेली कॅसेट आणि घरातला टेप ही जोडी आहे, ती फोडू नका. टेप खरंच गेलेला असेल तर दुसऱ्या सेटच्या हेडचा स्क्रू त्या कॅसेटपुरता फिरवून आवाज उघडता येतो, पण ते जाणत्या हाताचं काम आहे.

आज बाजारात नवे स्वस्त कॅसेट-प्लेअर मिळतात. घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण बहुतेकांच्या आतली यंत्रणा हलकी असते, चाक वजनाला कमी, म्हणून सूर हेलकावतो. जुन्या सेटमधलं जड पितळी किंवा लोखंडी चाक आता फारसं कुणी करत नाही. सोनीने जपानमध्ये कॅसेटचा वॉकमन बनवणं २०१० सालीच थांबवलं. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने २०१९-२० मध्ये चुंबकीय फितींबद्दल जगभर इशारा दिला, की २०२५ च्या सुमारास फिती नेहमीच्या पद्धतीने वाजवून उतरवून घेणं थांबेल. फिती त्यानंतरही टिकतील. पण त्या वाजवणारी यंत्रं, सुटे भाग आणि दुरुस्तीचं कसब उरणार नाही, म्हणून हा इशारा. ती मुदत आता संपली. मोठमोठ्या संग्रहालयांना जिथे ही धास्ती आहे, तिथे आपल्या खेड्यांतल्या ट्रंकांचं काय होणार?

म्हणून आपण एकत्र यावं, असं माझं सांगणं आहे. संस्था, पदाधिकारी, लेटरपॅड यांची गरज नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक नीट चालणारा सेट, एक संगणक आणि दोन-तीन माणसं एवढं पुरे. आपल्याकडे एक रुळांची सोयही आहे, तिचा उपयोग करून घेऊ. हैदराबादकडून येणारी गाडी जहीराबाद, बिदर, भालकी, कमलनगर, उदगीर अशी लातूर रोडकडे जाते. २०१७ पासून बिदर-कलबुर्गी मार्गही हुमनाबादवरून सुरू झाला आहे. कमलनगरच्या माणसाला मोटार हवी असेल आणि ती कलबुर्गीत कुणाच्या मेलेल्या सेटमध्ये असेल, तर ती एका दिवसात पोचू शकते. उदगीरला २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा आपल्याकडची माणसं गाड्या भरभरून गेली होती. तीच ये-जा या कामासाठी करू.

ज्यांच्याकडे बंद पडलेला, दुरुस्तीपलीकडचा सेट आहे, त्यांनी तोही टाकू नये. त्याच्या गियरवर, रबरी रोलरवर, मुठीवर, सेलच्या कप्प्याच्या झाकणावर दुसरा सेट उभा राहतो. आयटीआयमधल्या मुलांना मी आवर्जून सांगेन: तुमच्या गावच्या जुन्या रेडिओ मेकॅनिकपाशी जाऊन बसा. तुम्हाला कंडेन्सर मोजता येतो, त्यांना तो ऐकू येतो. तुटलेला गियर आज थ्रीडी प्रिंटरवर करून घेता येतो, पण दात किती झिजला आणि कुठे अडतो हे ते दाखवतील. त्यांना चहा पाजा आणि कामाचे पैसेही द्या. या माणसांनी आयुष्यभर लोकांच्या घरातली गाणी चालू ठेवली आणि मोबाइल आल्यावर त्यांना कुणी काही विचारलं नाही.

गुलबर्गा विद्यापीठाच्या मराठी विभागाला माझी विनंती आहे, की या कॅसेटमधली बोली हा अभ्यासाचा विषय माना. विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी दूर जायला नको, सामग्री त्यांच्या आजोळी आहे. आणि पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलांना सांगणं आहे, की लॅमिंग्टन रोड, पासोड्या विठोबाचा परिसर, कोटी या बाजारांतून बेल्ट, रोलर, हेड, जुन्या आयसी आणणं तुम्हाला सोपं आहे. गावी येताना मिठाईच्या डब्यासोबत तेवढं घेऊन या.

टेप खाली काढलात की लगेच विजेला लावू नका. आधी मागचा कप्पा उघडून सेल काढा. पाझरलेले सेल असतील तर पांढरा-हिरवा क्षार जमलेला असतो, तो कोरड्या ब्रशने झाडा आणि पट्ट्या पॉलिश पेपरने घासा. वायर तडकली असेल तर बदला. सेट उघडण्याआधी वायर भिंतीतून काढलेली आहे ना, हे स्वतः पाहा. ट्रान्सफॉर्मरकडच्या बाजूला शिकलेल्या माणसाशिवाय हात घालू नका. आणि पहिल्या फेरीत घरची कॅसेट मुळीच लावू नका, बाजारातली एखादी फुकट गेली तरी चालेल अशी लावा. रोलर चिकट असेल तर सेट रीळ खातो.

कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच वाजवू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. आतला स्पंजचा, नमद्याचा छोटा तुकडा गळून पडला असेल तर आवाज एकदम बारीक होतो. दुसऱ्या निकामी कॅसेटमधला तुकडा तिथे बसवता येतो. वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात आधी तोडून टाका, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही. उतरवून घेताना हेडफोनच्या भोकातून संगणकात वायर घ्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एमपीथ्री करू नका, निदान मूळ प्रत तरी नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल ठेवा, एका तासाला साधारण एक जीबी जागा लागते आणि आज जागा स्वस्त आहे. खरखर काढण्याचा मोहही मूळ प्रतीवर करू नये. त्या खरखरीसोबत जातंही पुसलं जाईल.

घरचा आवाज घरच्यांचा आहे. पाठवणीतलं रडणं, सौदीला गेलेला निरोप हे गावाला ऐकवायचं की नाही, ते त्या कुटुंबाने ठरवावं, आणि आपल्या कामात हा नियम कधी मोडू नये. कंपन्यांच्या कॅसेटवर त्यांचा हक्क असतो, तोही पाळू.

सगळ्यात निकडीचं काम यंत्राचं नाही. कॅसेटच्या खोक्यावर पुसटसं 'आई', 'भजन २', 'सौदी' एवढंच लिहिलेलं असतं. कोण बोलतंय, कुठलं गाव, कुणाचं लग्न, हे सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. टेप दुरुस्त होण्याची वाट न पाहता आजच त्यांच्यापुढे खोकी मांडा आणि ती सांगतील ते वहीत लिहून ठेवा. एकेका कॅसेटला क्रमांक द्या.

आणि हे सारं उन्हाळ्याआधी करू. मार्च उजाडला की कलबुर्गी, आळंदकडे पत्र्याखालच्या माळ्यावर हात ठेववत नाही. कॅसेटचं कवच तिथे वाकतं, नवा बसवलेला बेल्टही ढिला पडतो. तोवर ज्यांच्याकडून काहीच होणार नसेल, त्यांनी निदान ती ट्रंक माळ्यावरून खाली आणावी आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, कोनाड्यात, शहाबादी फरशीपासून वीतभर वर, कॅसेट उभ्या करून ठेवाव्यात. टेप शेजारीच असू द्या.